औंढ्याची लायगो आणि गुरुत्वीय लहरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंगोली, परभणी, नांदेडच्या शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत मी गुरुत्वीय लहरींवर बोलायला जातो. कार्यक्रम झाल्यावर कुणीतरी नंबर मागून घेतं आणि मग महिनोन्‌महिने मोबाइलवर प्रश्न येत राहतात. पुष्कळदा तेच प्रश्न, वेगवेगळ्या गावांतून. ते इथं एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. बातम्या २०२५ अखेरपर्यंतच्या आहेत.

१. औंढ्याला मोठी दुर्बीण बसणार म्हणतात. लायगो म्हणजे तेच का?

दुर्बीण नाही. दुर्बीण आकाशातून आलेला प्रकाश गोळा करते. लायगोला आकाशाकडं बघायचंच नसतं, त्यामुळं ढग असोत की भर दुपार, काही फरक पडत नाही. गवंड्याच्या गुण्यासारख्या काटकोनात दोन भुजा, प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब, आणि त्या भुजांची लांबी कणभर तरी बदलते का, यावर रात्रंदिवस पहारा, असं हे यंत्र. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा शिवारात त्यासाठी सुमारे १७४ एकर जमीन घेतलेली आहे. काही जण ‘लिगो’ म्हणतात, ती हीच.

२. गुरुत्वीय लहर म्हणजे काय? आमच्या लेकरांना समजेल असं सांगा.

सायकलची जुनी ट्यूब हवा भरून गोल धरा. दोन्ही बाजूंनी दाबली की ती उभी लांबते. वरून-खालून दाबली की आडवी पसरते. असं आलटून पालटून करत राहा. गुरुत्वीय लहर एखाद्या जागेतून जाते तेव्हा त्या जागेचं नेमकं असंच होतं: एका दिशेनं ताण, दुसऱ्या दिशेनं दाब, आणि पुढच्या क्षणी उलट. त्या लहरीला हवा-पाण्यासारखं माध्यम लागत नाही, खुद्द अवकाशच ताणलं-आकसलं जातं. त्यात तुम्ही, मी, औंढ्याचं मंदिर, सगळं आलं.

आइन्स्टाइननं १९१६ मध्ये अशा लहरी असणार हे गणितातून सांगितलं होतं. प्रत्यक्ष पकडायला ९९ वर्षं लागली. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन्ही लायगो यंत्रांना पहिली लहर मिळाली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एक झाली, ६२ पटीचं एक कृष्णविवर उरलं. मधला तीन सूर्यांचा फरक लहरींच्या रूपानं विश्वात पसरला. ही टक्कर झाली १३० कोटी वर्षांपूर्वी, आणि इथं पोचलेला संदेश होता सेकंदाचा पाचवा भाग.

३. इतकी बारीक हालचाल मोजतात तरी कशी?

आधी बारीक म्हणजे किती ते बघू. चार किलोमीटरच्या भुजेत जो फरक पडतो तो अणूच्या केंद्रातल्या एका प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो. सूर्यानंतरचा आपल्या सगळ्यात जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे. तेवढं अंतर केसाच्या जाडीइतकी चूक न करता मोजावं, असं हे काम आहे.

पद्धत मात्र शाळेत दाखवता येते. लेझरचा एक किरण अर्धपारदर्शक काचेवर पाडून त्याचे दोन करायचे. एक या भुजेत, दुसरा त्या भुजेत. टोकाच्या आरशांवरून परत येऊन दोघं भेटले की त्यांच्या लहरी एकमेकींना छेद देतात. दोन्ही अंतरं अशी जुळवायची की भेटीच्या जागी अंधार राहील. एका भुजेत जरा जरी फरक पडला तर त्या अंधारात प्रकाश झिरपतो. तो झिरपलेला प्रकाश म्हणजेच मोजमाप.

मागच्या पावसाळ्यात वसमतकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत आम्ही हे मांडलं. स्कूटरच्या दोन ट्यूबांवर शहाबादी फरशी, फरशीवर दोन आरसे, काच आणि लाल लेझर. दारं-खिडक्या लावल्यावर भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटले. सातवीतल्या एका मुलीला म्हटलं, फरशीला फक्त एक बोट लाव. तिनं बोट टेकवलं आणि पट्टे सरकले. जाड दगडी फरशी एका लेकराच्या बोटानं वाकते, हे त्या भिंतीवर चाळीस जणांनी बघितलं. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला आणि सगळे पट्टे विरघळून लाल धब्बा झाला. ती मुलगी म्हणाली, ‘सर, ट्रॅक्टर भिंतीवर दिसला.’ लायगोची सगळी अडचण तिनं एका वाक्यात सांगितली.

म्हणून खऱ्या यंत्रातले ४० किलोचे काचेचे आरसे एकाखाली एक अशा चार लोलकांच्या साखळीला टांगलेले असतात, शेवटच्या टप्प्यात काचेच्याच बारीक तंतूंवर. हादरा वरून येतो, प्रत्येक टप्प्यात मरत जातो. प्रकाशाला हवेच्या कणांचाही अडथळा नको म्हणून १.२ मीटर रुंदीच्या पोलादी नळीतली हवा काढून जवळजवळ पूर्ण निर्वात पोकळी करतात. आणि प्रत्येक भुजेत प्रकाश सुमारे ३०० वेळा ये-जा करतो, म्हणजे चार किलोमीटरची भुजा बाराशे किलोमीटरचं काम करते.

एक गोष्ट बांधकामवाल्या मित्रांसाठी: प्रकाश सरळ जातो, पृथ्वी मात्र गोल आहे. चार किलोमीटरवर तिचा बाक एक मीटरहून जास्त भरतो. नुसत्या जमिनीच्या पातळीनं पाया टाकत गेलं तर टोकाचा आरसा किरणाच्या खाली जाईल.

४. मग ट्रॅक्टर कोणता आणि लहर कोणती, हे ओळखतात कसं?

यंत्राभोवती कंप, वारा, आवाज, वीज, चुंबकत्व मोजणारी हजारो छोटी उपकरणं असतात. ट्रॅक्टर गेला तर ती आधी बोलतात. दुसरं असं, की एकाच ठिकाणी दिसलेल्या खुणेवर कुणी भरवसा ठेवत नाही. अमेरिकेतली दोन यंत्रं ३००० किलोमीटर लांब आहेत. लहर प्रकाशाच्या वेगानं येते, म्हणून ती दोन्हीकडं १० मिलिसेकंदांच्या आत दिसलीच पाहिजे. पहिली लहर लुइझियाना राज्यातल्या लिव्हिंग्स्टनला आधी आली आणि सात मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला पोचली. एकच ट्रॅक्टर दोन्हीकडं असणं शक्य नाही.

हॅनफर्डला काही काळ एक विचित्र खूण येत होती. शोधत गेल्यावर थंड नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फावर चोचीचे घाव सापडले. तहानलेले डोमकावळे तो बर्फ टोचत होते. आपल्याकडं कावळ्यांसोबत माकडंही आहेत, तेव्हा इथल्या माणसांना स्वतःची वेगळी यादी करावी लागेल.

५. एवढा देश सोडून औंढाच का?

शांतता हवी म्हणून. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आपटतात त्याचा कंप जमिनीतून शेकडो किलोमीटर जातो, त्यामुळं समुद्र लांब हवा. मोठे कारखाने, धडधडणारे रेल्वेमार्ग, हमरस्ते जवळ नकोत. दोन्ही भुजांसाठी सपाट जागा हवी, खाली खडक घट्ट हवा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या जागांची कंपनं मोजून ही जागा निवडली. ज्याला आपण इतकी वर्षं ‘इथं काहीच नाही’ म्हणून नावं ठेवत आलो, तेच इथं कामाला आलं. मला याचा मनापासून आनंद आहे.

६. पण आमच्याकडं तर भूकंप होतात! किल्लारी विसरलात का?

किल्लारी कुणी विसरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली. आणि हिंगोली जिल्ह्यातच २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, नांदेड-परभणीपर्यंत जाणवले. प्रश्न रास्त आहे.

उत्तराचे दोन भाग. इमारत आणि नळ्या धक्का सोसतील अशा बांधणं हा अभियंत्यांचा भाग, तो जमणारा आहे. जपानचं कागरा यंत्र तर भूकंपांच्याच देशात, डोंगराच्या पोटात आहे. मोजमापाचा भाग वेगळा. धक्का बसला की आरशांची जुळवणी सुटते आणि यंत्र तेवढा वेळ आंधळं होतं. पुन्हा जुळवायला वेळ लागतो. हे जगातल्या सगळ्या यंत्रांना होतं, दुसऱ्या खंडातल्या मोठ्या भूकंपानंही होतं. जागा निवडताना महत्त्व असतं ते रोजच्या बारीक थरथरीला. वर्षात चार-दोन धक्क्यांनी काही तास जातील, पण रोजची थरथर जास्त असेल तर सगळे दिवस जातात.

७. वसमत-कळमनुरीकडं जमिनीतून गूढ आवाज येतात. ते या प्रकल्पामुळं का?

नाही. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतले लोक हे आवाज प्रकल्पाचा पाया घालण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकत आहेत. उथळ, लहान भूकंपांसोबत असा गडगडाट होतो. लायगोत स्फोट करायचे नसतात, जमीन हलवायची नसते. तिला उलट तुमच्या पायांचाही आवाज नको असतो. आवाज आला, भिंतीला तडा गेला तर तहसीलला कळवा, आणि घराची डागडुजी करून घ्या. ते काम लायगोवर ढकलून थांबू नका.

८. अणुऊर्जा विभागाचं नाव आहे. म्हणजे किरणोत्सर्ग होणार, पाऊस कमी होणार, बोअर आटणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात भीती असते. प्रकल्पाचा खर्च आणि बांधणी अणुऊर्जा विभाग आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभाग बघतात, म्हणून ते नाव. यंत्रात युरेनियम नाही, अणुभट्टी नाही. आहे तो अवरक्त लेझर, बंद पोलादी नळीत. ढगांशी त्याचा संबंध येत नाही. नळीतली हवा काढतात ती नळीतलीच, शिवारातली नव्हे. बोअर कशानं आटतात हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

लहरींनी शरीराला काही होतं का, असंही विचारतात. त्या पृथ्वी बनली तेव्हापासून तुमच्या-माझ्यातून जात आहेत. राशीवर परिणाम होतो का, याचंही उत्तर नाही असंच आहे.

९. कृष्णविवर आपल्याला गिळेल का?

ज्यांच्या लहरी येतात ती कोट्यवधी प्रकाशवर्षं लांब आहेत. नाही.

१०. हल्ली नवीन काय सापडलं?

२०२५ मध्ये दोन मोठ्या बातम्या आल्या. पहिली जुलैत: २३ नोव्हेंबर २०२३ ला पकडलेल्या लहरीतून सूर्याच्या साधारण १०० आणि १४० पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एक होऊन सुमारे २२५ पटीचं कृष्णविवर बनल्याचं जाहीर झालं. लहरींतून सापडलेलं हे तोवरचं सगळ्यात जड मीलन. अडचण अशी, की तारा मरून एवढ्या वजनाचं कृष्णविवर सहसा बनत नाही, असं आजवरचं गणित सांगतं. म्हणजे ही दोघं स्वतःच आधीच्या मीलनांतून जन्मलेली असावीत. कृष्णविवरांच्याही पिढ्या असतात, हा विचार मला फार आवडतो.

दुसरी बातमी सप्टेंबरातली. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर आजवरची सगळ्यात स्पष्ट लहर आहे. टक्कर २०१५ सारखीच, अंतरही जवळपास तेवढंच, पण दहा वर्षांत यंत्रं इतकी सुधारली की आवाज तिपटीनं स्वच्छ आला. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये म्हटलं होतं की कृष्णविवरांच्या पृष्ठभागांचं एकूण क्षेत्रफळ कधी कमी होत नाही. इथं ते मोजता आलं. टकरीआधी दोघांचं मिळून सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राहून कमी. टकरीनंतर उरलेल्या एकाचं सुमारे ४ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून बरंच जास्त. हॉकिंग २०१८ मध्ये गेले. हे त्यांना बघायला मिळालं नाही.

या बातमीत एक भारतीय नाव आहे आणि ते आपल्या लेकरांना माहीत असायला हवं: सी. व्ही. विश्वेश्वरा. देवळातली घंटा वाजवली की नाद घुमत घुमत मावळतो, आणि त्या नादावरून घंटा केवढी ते कळतं. नव्यानं बनलेलं कृष्णविवरही असंच घुमून शांत होतं, हे त्यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं. तेव्हा कृष्णविवर खरंच असतं का, यावरच लोकांना शंका होती. जानेवारीच्या लहरीत त्या मावळत्या नादातले दोन सूर वेगवेगळे ओळखता आले. विश्वेश्वरा २०१७ च्या जानेवारीत गेले. पहिली लहर सापडल्याचं त्यांनी पाहिलं होतं, एवढं समाधान.

२०२५ नं दोन माणसंही नेली. मे महिन्यात आयुका उभी करणारे जयंत नारळीकर आणि ऑगस्टमध्ये लायगोची मूळ कल्पना यंत्रात उतरवणारे रायनर वाइस, २०१७ च्या नोबेलचे एक मानकरी.

११. सोनं आकाशातून आलं म्हणतात, ते खरं का?

खरं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मोठे तारे मेल्यावर उरणाऱ्या अतिघट्ट गोळ्यांच्या, टकरीची लहर आली. अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच टकरीचे गॅमा किरण एका उपग्रहाला दिसले. १३ कोटी वर्षं दोघं बरोबर धावत आले आणि दोन सेकंदांचंही अंतर पडलं नाही. मग जगभरच्या दुर्बिणी तिकडं वळल्या आणि त्या उजेडात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा सापडल्या. तुमच्या आजीच्या पोतेतले मणी पृथ्वी जन्मण्याआधीच्या अशाच कुठल्यातरी घटनेत बहुधा घडलेले आहेत.

सगळंच सोनं टकरींतून येत नाही. २०२५ मध्ये संशोधकांनी डिसेंबर २००४ च्या एका मॅग्नेटारच्या, म्हणजे प्रचंड चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या, स्फोटाची जुनी मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा अशा स्फोटांतूनही जड मूलद्रव्यांचा काही वाटा, कदाचित दहा टक्क्यांपर्यंत, येत असावा असं दिसलं.

१२. अमेरिकेत दोन, इटलीत एक, जपानात एक असताना आपण २६०० कोटी कशाला घालायचे?

अंधाऱ्या रात्री गावात भजन चालू आहे. एका जागी उभं राहून आवाज कुठल्या आळीतून येतो ते नीट सांगता येत नाही. तिघं-चौघं लांब लांब उभे राहिले आणि कुणाला आधी ऐकू आलं ते जुळवलं तर वाडा सापडतो. लहरींचंही तसंच (मिलिसेकंदांचा हिशेब प्रश्न ४ मध्ये आहे). २०१७ ला जागा सापडली, कारण इटलीचं व्हर्गो यंत्र पंधरवड्यापूर्वीच सामील झालं होतं. भारत या सगळ्यांपासून खूप लांब असल्यामुळं इथला कान आकाशातली जागा पुष्कळ नेमकी करेल.

दुसरं कारण २०२५ मध्ये दिसलं. अमेरिकी सरकारच्या अंदाजपत्रकात तिथल्या दोनपैकी एक लायगो बंद करण्याचा प्रस्ताव आला आणि शास्त्रज्ञांनी जोरात विरोध केला. जगाची ऐकण्याची ताकद एकाच देशाच्या तिजोरीवर टांगलेली नसावी, असं मला वाटतं.

पैशांपैकी बराचसा इथल्याच बांधकामात, निर्वात नळ्यांत आणि माणसांत जाणार आहे. यंत्राचे मुख्य भाग अमेरिका देते.

१३. मग चालू कधी होणार? दहा वर्षं झाली ऐकतोय.

तत्त्वतः मंजुरी फेब्रुवारी २०१६ ची, पहिल्या लहरीच्या घोषणेनंतर आठवड्याभरातली. पूर्ण मंजुरी एप्रिल २०२३ ला, पायाभरणी ११ मे २०२३ ला दिल्लीहून. उद्दिष्ट २०३० चं. मधली सात वर्षं गेली याची मलाही हळहळ आहे. २०१६ ला सातवीत माझ्यासमोर बसलेली मुलं आता पदवीधर झाली. आणखी एक सांगतो: बांधून झालं म्हणजे लगेच लहर मिळेल असं नाही. जुळवणीलाच वर्षं लागतात.

१४. नारायणगावच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनंही लहरी शोधल्या असं वाचलं. मग आपण पहिले नाही का?

लहरी त्याच जातीच्या, पण मापात जमीन-अस्मानाचा फरक. लायगो सेकंदाला दहा ते काही हजार वेळा थरथरणाऱ्या लहरी ऐकते. जून २०२३ मध्ये जगातल्या अनेक गटांनी, त्यात जीएमआरटी वापरणारा भारत-जपानचा गट होता, ज्यांचा पुरावा मांडला त्या लहरींचं एक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक वर्षं लागतात. त्यासाठी चार किलोमीटरची भुजा पुरत नाही. तिथं ठरावीक तालात रेडिओ ठोके देणाऱ्या पल्सार ताऱ्यांनाच घड्याळं करून त्यांच्या ठोक्यांत पडणारा फरक वर्षानुवर्षं टिपतात. या दोन्हींच्या मधल्या लहरींसाठी युरोपची लिसा मोहीम आहे: २५ लाख किलोमीटर अंतरावर तीन यानं, उड्डाण २०३५ च्या सुमारास. एकाला दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

१५. माझ्या लेकराला तिथं काम करायचं असेल तर काय शिकवू? मराठी शाळेतच आहे.

मराठी शाळेचा काही अडसर नाही. भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सी, मग आयसर, आयआयटी किंवा विद्यापीठातून एमएस्सी, मग पीएचडी, हा शास्त्रज्ञाचा रस्ता. पण तेवढाच रस्ता आहे असं समजू नका. किलोमीटरभर लांबीच्या नळीत सुईच्या टोकाएवढीही गळती न ठेवणारा वेल्डर, निर्वात पंप सांभाळणारा आयटीआयचा मुलगा, इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा झालेली मुलगी, संगणकावर माहिती चाळणारी माणसं, यांच्याशिवाय यंत्र चालत नाही. गणित पक्कं करा. आठवी-नववीपासून पायथन ही संगणकभाषा हळूहळू शिकवा.

आणि थांबायची गरज नाही. लायगोची मोजमापं इंटरनेटवर सगळ्यांना फुकट खुली आहेत. ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ नावाचा एक उपक्रम आहे, त्यात यंत्रात येणाऱ्या खोट्या खुणांची चित्रं दाखवतात आणि आपण ती कोणत्या जातीची ते सांगायचं. कुणीही भाग घेऊ शकतं. एका खुणेचं नाव ‘कोई मासा’ आहे, कारण चित्र तसं दिसतं. प्रश्न ३ मधल्या त्या मुलीनं मोबाइलवर पंचवीसेक चित्रं लावली आणि मला विचारलं, ‘सर, यात ट्रॅक्टर कोणता?’